एक जन्म, दोन जन्मठेपा

३० जानेवारी १९११ रोजी मुंबईतील विशेष न्यायाधिकरणाने स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर यांना दुसरी जन्मठेप ठोठावली. पहिली जन्मठेप अवघ्या पाच-सहा आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९१० मध्ये, सर्व मालमत्तेच्या जप्तीसह सुनावली गेली होती. जन्मठेपेच्या काळ्या पाण्याचा हिशेब त्या काळी पंचवीस वर्षांचा धरला जाई. दोन्ही शिक्षा एकीपाठोपाठ एक भोगायच्या होत्या. पन्नास वर्षांची ही बेरीज करून अंदमानात त्यांच्या गळ्यात जो बिल्ला अडकवला गेला, त्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०. शिक्षा झाली तेव्हा सावरकरांचे वय सत्तावीस होते. सुटकेच्या वेळी ते सत्त्याहत्तर झाले असते. ख्रिस्ती सरकारने निदान पुनर्जन्माचा हिंदू सिद्धान्त तरी मान्य केला, असे उद्गार सावरकरांनी त्या वेळी काढल्याचे सांगितले जाते.

मराठी घराघरांत हा प्रसंग ठाऊक आहे. शाळकरी मुलांनाही ‘दोन जन्मठेपा’ म्हटले की अंदमान आठवते. परंतु त्या दोन जन्मठेपा नेमक्या कोणत्या दोन अपराधांसाठी होत्या, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण एका कृत्यातून अनेक अपराध सिद्ध होऊ शकतात काय, आणि एकदा निवाडा झालेल्या माणसाला त्याच घटनेसाठी पुन्हा न्यायालयापुढे उभे करता येते काय, हा प्रश्न मुंबईवरील हल्ल्याच्या एका आरोपीने अमेरिकेतील न्यायालयांत वर्षानुवर्षे लढवला. त्या लढाईचा निकाल लागून तो आरोपी १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आणला गेला. अशा वेळी केवळ संतापाने बोलून भागत नाही. कायद्याचे तत्त्व काय, ते कोठून आले आणि ते कोणाच्या बाजूने उभे राहते, हे समजून घ्यावे लागते.

प्रथम नाशिकची हकीकत. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून जन्मठेप झाली. त्यांना खटल्यासाठी पाठविणारा जिल्हाधिकारी जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांना बळी पडला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. वापरलेले पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. सावरकर स्वतः घटनेच्या वेळी हजारो मैल दूर होते. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली, फरारी गुन्हेगारांसंबंधीच्या १८८१ च्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात धाडण्यात आले आणि वाटेत ८ जुलै रोजी मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी ती जगप्रसिद्ध उडी घेतली.

मुंबईत त्यांच्यावर दोन खटले चालले. पहिला नाशिक कटाचा, म्हणजे राजाविरुद्ध युद्धाच्या कटाचा. दुसरा जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याचा. पिस्तुलांची रवानगी पहिल्या खटल्यात कटाचा पुरावा म्हणून पुढे आली आणि दुसऱ्या खटल्यात तीच अपराधाचा पाया ठरली. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांच्या न्यायाधिकरणापुढे ज्यूरी नव्हती आणि त्याच्या निकालावर अपीलही नव्हते. १९०८ च्या खास कायद्याने ही तजवीज अगोदरच करून ठेवली होती. हातातून गेलेली पिस्तुले एकच, ती पाठविणारा माणूस एकच; शिक्षा मात्र दोन आणि दोन्ही आयुष्यभराच्या.

येथे एक वस्तुस्थिती प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. इंग्रजांच्या कायद्यात त्या वेळी दुहेरी शिक्षेविरुद्ध तरतुदी नव्हत्या असे नाही. १८६० च्या दंड संहितेचे कलम ७१ होते. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे कलम २६ होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, एकदा ज्या अपराधाचा निवाडा झाला त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालवू नये, असे स्पष्ट कलम होते. मग सावरकरांना ही ढाल का मिळाली नाही? कारण कायद्याच्या भाषेत ‘कृत्य’ आणि ‘अपराध’ हे समानार्थी शब्द नाहीत. राजाविरुद्ध युद्धाचा कट हा एक अपराध आणि खुनाला साहाय्य हा दुसरा. दोन्ही सिद्ध करण्यासाठी लागणारे घटक वेगवेगळे. केवळ या तांत्रिक कसोटीवर पाहिले तर आजच्या भारतातही अशा दोन स्वतंत्र दोषसिद्धी होऊ शकतात. अन्याय होता तो दुसरीकडे: अपिलाचा दरवाजा बंद करणाऱ्या व्यवस्थेत, आणि माणसाला एकच आयुष्य असते हे विसरून एका जन्मठेपेच्या शेवटाला दुसरी जन्मठेप जोडणाऱ्या सूडबुद्धीत.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हा इतिहास होता. घटना समितीत असे कितीतरी सदस्य होते, ज्यांनी इंग्रजांचे तुरुंग आतून पाहिले होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेच्या अनुच्छेद २० च्या दुसऱ्या खंडाने ग्वाही दिली की, एकाच अपराधासाठी कोणावरही एकापेक्षा अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. हा मूलभूत अधिकार आहे. विशेष म्हणजे तो केवळ नागरिकापुरता मर्यादित नाही. ‘कोणत्याही व्यक्तीला’ असे शब्द तेथे आहेत. परकीय आक्रमकालाही भारताच्या न्यायालयात हे संरक्षण आहे. आणीबाणीत अनेक मूलभूत अधिकारांची काय दशा झाली ते १९७५ ते १९७७ या काळात तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे. त्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी व्यवस्था केली. म्हणजे हे संरक्षण आज घटनेच्या सर्वात भक्कम भागात बसलेले आहे.

परंतु त्याची मर्यादा कोठे आहे? याची पहिली महत्त्वाची परीक्षा मुंबईतच झाली. नोव्हेंबर १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाकडे १०७.२ तोळे सोने सापडले. त्याने ते जाहीर केले नव्हते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी सोने जप्त केले. पुढे परकीय चलनविषयक कायद्याखाली त्याच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्याने म्हटले की, सोने गेले हीच शिक्षा झाली, आता दुसरी कशाला? १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला. सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, जप्ती म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे. न्यायालयापुढे खटला आणि न्यायालयाकडून शिक्षा, या दोन्ही गोष्टी घडल्या असतील तरच घटनेची ढाल उभी राहते.

दुसरी परीक्षा १९६० मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आपटे या प्रकरणात झाली. विमा कंपनीच्या पैशांच्या अपहाराचे ते प्रकरण होते. एकाच व्यवहारातून दंड संहितेखालील विश्वासघात आणि विमा कायद्याखालील अपराध असे दोन आरोप निर्माण झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली ती अशी: दोन आरोपांतील वस्तुस्थिती एक आहे की नाही हे पाहायचे नाही, दोन अपराधांचे घटक एक आहेत की नाहीत हे पाहायचे. घटक भिन्न असतील तर अपराध भिन्न. घटना एकच असली तरी दोन्ही आरोपांखाली दोषी ठरवण्यात घटनेचा भंग होत नाही.

सामान्य माणसाला हे शब्दच्छल वाटेल. म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. एखादा धनिकपुत्र दारू पिऊन, परवाना नसताना, भरधाव मोटार चालवतो आणि पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडतो. कृत्य एक, वेळ एक, चाक धरणारा हात एक. पण परवान्याविना वाहन चालवणे हा एक अपराध, मद्यपान करून चालवणे दुसरा आणि माणसाचा जीव घेणे तिसरा. परवाना नसल्याबद्दल काही रुपयांचा दंड भरला, आता मृत्यूबद्दल मला विचारू नका, असे म्हणण्याची मुभा त्याला दिली तर न्यायाची थट्टा होईल. कायदा ही मुभा देत नाही. त्याचप्रमाणे गंभीर दुखापतीबद्दल एखाद्याला शिक्षा झाली आणि जखमी माणूस त्यानंतर मरण पावला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला नव्याने चालू शकतो. कारण पहिल्या निवाड्याच्या वेळी तो अपराध पूर्णच झालेला नव्हता.

मात्र कायद्याने नाण्याची दुसरी बाजूही सांभाळली आहे. एकच गोष्ट अनेक कलमांच्या व्याख्येत बसत असेल, तर त्यांपैकी कोणत्याही एका कलमाखाली जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून अधिक शिक्षा देता येत नाही. दंड संहितेच्या कलम ७१ मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९ मध्ये तसेच राहिले आहे. पुन्हा खटला न चालवण्याचे तत्त्व भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आहे, आणि ते घटनेपेक्षाही एक पाऊल पुढे जाते. घटनेचे संरक्षण शिक्षा झालेल्याला आहे. संहितेचे संरक्षण निर्दोष सुटलेल्यालाही आहे. दंड संहिता बदलली, वसाहतकाळाची नावे पुसली गेली, तरी न्यायाचा हा गाभा भारताने टाकून दिला नाही, हे योग्यच झाले. चांगले तत्त्व इंग्रजांच्या पुस्तकात छापले होते म्हणून ते इंग्रजांचे होत नाही. दंड अतिकठोर असेल तर प्रजा भयभीत होते, अतिमृदू असेल तर राजा उपहासाचा विषय होतो, आणि यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो, हे कौटिल्याने इंग्लंडची न्यायालये जन्माला येण्यापूर्वी कितीतरी शतके सांगून ठेवले आहे.

या ‘यथायोग्य’ शब्दाचा आधुनिक अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९ जुलै २०१६ रोजी मुथुरामलिंगम प्रकरणात उलगडला. अनेक खुनांसाठी अनेक जन्मठेपा देता येतील काय? येतील. प्रत्येक बळीचा निवाडा स्वतंत्र असावा, हे न्यायाला धरूनच आहे. पण त्या एकीपाठोपाठ एक भोगायला लावता येतील काय? नाही. कारण जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्य, आणि माणसाला आयुष्य एकच असते. त्या जन्मठेपा एकमेकींवर ठेवलेल्या थरांसारख्या एकाच वेळी चालतील. एकीत सरकारने सूट दिली म्हणून दुसरी आपोआप संपणार नाही. सावरकरांच्या बिल्ल्यावर १९६० हे वर्ष कोरणाऱ्या हिशेबाला भारताच्या सर्वोच्च न्यायासनाने, सावरकरांचे नावही न घेता, १०५ वर्षांनंतर दिलेले हे उत्तर आहे, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

त्याच निकालात अनेक दोषसिद्धींचे प्रयोजनही दडलेले आहे. ‘एकदा फाशी किंवा जन्मठेप झाली, मग उरलेल्या ऐंशी आरोपांवर कशाला वेळ घालवायचा’ असे अनेकदा ऐकू येते. अजमल कसाबच्या खटल्याच्या वेळीही ते ऐकू आले होते. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने त्याला एकाहून अधिक आरोपांखाली फाशी सुनावली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तो फासावर गेला तो एकदाच. मग इतक्या आरोपांचा निवाडा कशासाठी? एक तर अपिलात एखादी दोषसिद्धी टिकली नाही तरी उरलेल्या टिकतात. शिक्षेत सूट देण्याचा प्रश्न आला तर अपराधाचे खरे मोजमाप समोर राहते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बळीला त्याच्या नावाने न्याय मिळतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गावी जाण्यासाठी गाडीची वाट पाहणारा प्रवासी, गिरगाव चौपाटीवर निःशस्त्र हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, कामा रुग्णालयाजवळ वीरगती पावलेले पोलीस अधिकारी, हे सारे ‘आणि इतर’ या दोन शब्दांत गुंडाळण्याचे विषय नाहीत.

तत्त्वाचा हा आधार घेऊन पळवाट शोधणारेही असतात. बिहारचे माजी मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांचे चारा घोटाळ्याचे प्रकरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. जनावरांच्या चाऱ्याच्या नावाखाली वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या कोषागारांतून खोट्या देयकांवर सरकारी पैसा काढला गेला. चाईबासा कोषागाराच्या एका खटल्यात ३० सप्टेंबर २०१३ रोजी ते दोषी ठरले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. मग असा युक्तिवाद झाला की, कट तर एकच होता, त्याची शिक्षा झाली, आता उरलेले खटले कशाला? झारखंड उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा युक्तिवाद बऱ्याच अंशी स्वीकारला. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कोषागार वेगळे, काळ वेगळा, रक्कम वेगळी, सामील माणसेही बरीचशी वेगळी. तेव्हा अपराध ‘तसाच’ असेल, पण ‘तोच’ नाही. ‘तसाच’ आणि ‘तोच’ या दोन शब्दांतील अंतर म्हणजे या संपूर्ण विषयाचे सार आहे. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये देवघर, जानेवारी २०१८ मध्ये चाईबासाचे दुसरे प्रकरण, मार्च २०१८ मध्ये दुमका आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये डोरंडा, अशा चार दोषसिद्धी विशेष न्यायालयांनी नोंदवल्या. दुमका प्रकरणात सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा एकीपाठोपाठ एक भोगण्याचा आदेश होता. पुढे त्यांना जामीन मिळाला आणि अपिलाचा मार्ग त्यांना खुला राहिला. नाशिकच्या तरुणांना तो खुला नव्हता. लोकशाही आणि वसाहतशाही यांतील फरक येथे दिसतो. पण दहा वेळा लुटले तरी चोरी एकच मानावी, हा सिद्धान्त मान्य झाला असता, तर पहिल्या लुटीनंतरच्या प्रत्येक लुटीला कायद्याने परवाना दिल्यासारखे झाले असते.

आता मुंबईवरील हल्ल्याच्या आरोपीकडे वळू. तहव्वूर हुसेन राणा हा पाकिस्तानी सैन्यात वैद्यकीय अधिकारी राहिलेला, पुढे कॅनडाचा नागरिक झालेला आणि शिकागोत स्थलांतरविषयक सल्ल्याचा व्यवसाय थाटून बसलेला माणूस. त्याचा बालमित्र डेव्हिड हेडली याने २००६ ते २००८ या काळात मुंबईच्या पाच फेऱ्या करून ताजमहाल हॉटेलसह अनेक ठिकाणांची टेहळणी केली. त्या फेऱ्यांसाठी राणाच्या कंपनीच्या मुंबई कार्यालयाचे आवरण वापरले गेले, असा त्याच्यावर आरोप आहे. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात १६६ जणांचे प्राण गेले. हेडलीने अमेरिकेत १२ आरोप कबूल केले, भारताच्या ताब्यात दिले जाणार नाही असे आश्वासन मिळवले, आणि जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा स्वीकारली. राणाने आरोप नाकारले. जून २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने त्याला लष्कर-ए-तोयबाला साहाय्य करणे आणि डेन्मार्कमधील वृत्तपत्रावरील हल्ल्याचा कट यांबद्दल दोषी ठरवले. मुंबईच्या कटाच्या आरोपातून मात्र त्याची निर्दोष मुक्तता केली. त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

२०२० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्याची सुटका झाली आणि भारताच्या विनंतीवरून लगेच त्याला पुन्हा अटक झाली. भारत व अमेरिका यांच्यातील १९९७ च्या प्रत्यार्पण करारात एक अट आहे. ज्या अपराधाबद्दल आरोपी तेथे दोषी किंवा निर्दोष ठरला आहे, त्याच अपराधासाठी त्याला हस्तांतरित करता येत नाही. राणाच्या वकिलांनी नेमके हेच कलम हाती घेतले. मुंबईच्या घटनेचा निवाडा झाला, मी सुटलो, आता मला भारतात कशासाठी पाठवता? वरवर पाहता हा युक्तिवाद पोकळ नव्हता. अमेरिकी न्यायालयांनी त्याची गंभीर दखल घेतली. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने उत्तर दिले ते असे: करारातील ‘अपराध’ हा शब्द घडलेल्या कृत्याला उद्देशून नाही, आरोपित अपराधाच्या घटकांना उद्देशून आहे. भारताने लावलेले युद्ध पुकारणे, खून, बनावट दस्तऐवज इत्यादींचे आरोप आणि अमेरिकेत तो ज्यातून सुटला तो आरोप, यांचे घटक भिन्न आहेत. २१ जानेवारी २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका ऐकण्यास नकार दिला. आपटे प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये जी कसोटी घालून दिली, तिच्याच जातीची कसोटी अमेरिकेतही लागू पडली आणि राणाचे विमान दिल्लीला उतरले.

हुतात्म्यांच्या मालिकेतील स्वातंत्र्यवीर आणि निरपराधांच्या हत्याकांडातील आरोपी यांची तुलना कोणी करणार नाही, करूही नये. एकाने मातृभूमीसाठी स्वतःचे आयुष्य पणाला लावले. दुसऱ्यावर परक्या भूमीत बसून दुसऱ्यांची आयुष्ये संपवण्यास हात दिल्याचा आरोप आहे. परंतु कायद्याचा प्रश्न दोघांच्याही बाबतीत एकाच ठिकाणी येऊन थांबतो: कृत्य आणि अपराध यांत भेद करायचा की नाही? हा भेद नसता तर राणा कधीच भारतात आला नसता. आणि या भेदालाच सूडाचे हत्यार केले गेले, तेव्हा एका तरुणाच्या गळ्यात पन्नास वर्षांचा बिल्ला अडकला. हत्यार तेच असते. ते उचलणाऱ्या राज्यसंस्थेची वृत्ती निर्णायक ठरते.

म्हणूनच राणाच्या खटल्यात भारताने आपली वृत्ती जगापुढे ठेवणे महत्त्वाचे आहे. ज्या अपराधातून तो अमेरिकेत सुटला तोच अपराध दुसऱ्या नावाने त्याच्या माथी मारण्याची भारताला गरज नाही. घटकांनिशी स्वतंत्र असलेले आरोप, स्वतंत्र पुरावा, उलटतपासणीची पूर्ण संधी आणि अपिलाचा खुला मार्ग, या चार पायांवर खटला उभा राहिला पाहिजे. कृत्य २००८ चे असल्याने त्याला त्या वेळचाच दंड कायदा लागू होतो. कृत्याच्या वेळी लागू असलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा देता येत नाही, असे अनुच्छेद २० चाच पहिला खंड सांगतो. या नियमांच्या चौकटीत लागलेला निकाल इस्लामाबादलाही झटकता येणार नाही. ‘चौकात उभे करून दहा वेळा फाशी द्या’ ही भावना समजण्यासारखी आहे. ज्यांच्या घरातला माणूस परत आला नाही त्यांना ती व्यक्त करण्याचा अधिकारही आहे. पण राष्ट्राला भावनेवर न्याय करता येत नाही. तसा न्याय करणाऱ्या राज्यकर्त्यांचा अनुभव या देशाने १९११ मध्ये घेतला आहे.

हा विवेक केवळ दहशतवादाच्या खटल्यांपुरता नाही. एका घटनेवरून अनेक पोलीस ठाण्यांत, अनेक राज्यांत अनेक तक्रारी नोंदवून माणसाला गावोगाव फिरवण्याची नवी पद्धत रुजते आहे. केरळमधील कुथुपरंबा येथील १९९४ च्या गोळीबाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले की, एकाच घटनेबद्दल दुसरा प्रथम माहिती अहवाल नोंदवता येत नाही. २०२२ मध्ये नूपुर शर्मा यांच्यावरील वेगवेगळ्या राज्यांतील तक्रारी न्यायालयाने दिल्लीत एकत्र केल्या. त्याच वर्षी त्यांच्या विरुद्ध बाजूस उभे असलेले पत्रकार मोहम्मद झुबैर यांच्यावरील उत्तर प्रदेशातील तक्रारीही दिल्लीकडे सोपवल्या. पहिल्या आदेशाने समाधान पावायचे आणि दुसऱ्या आदेशाने कपाळाला आठ्या पाडायच्या, किंवा त्याच्या उलट वागायचे, ही वृत्ती दोन्ही बाजूंना दिसली. ती सोडली पाहिजे. आपल्या माणसासाठी मागितलेले संरक्षण परक्याला नाकारायचे, तर ते तत्त्व उरत नाही. ती केवळ सोय ठरते. राज्ये बदलतात, सरकारे बदलतात, आज फिर्यादी असलेला उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. आणीबाणी भोगलेल्या पिढीला हे सांगण्याची गरज नाही. तिने ते नव्या पिढीला सांगण्याची मात्र गरज आहे.

सावरकरांना पन्नास वर्षे काळ्या पाण्यावर काढावी लागली नाहीत. १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून हलवण्यात आले, १९२४ मध्ये अटींसह तुरुंगाबाहेर सोडण्यात आले आणि १९३७ मध्ये रत्नागिरीची स्थानबद्धता संपली. १९६० हे वर्ष उजाडले तेव्हा त्यांना ती शिक्षा ठोठावणारे साम्राज्य या भूमीवरून जाऊन तेरा वर्षे उलटली होती, आणि बिल्ल्यावरच्या कैद्याने स्वतंत्र भारतात ते वर्ष पाहिले. शिक्षेच्या बेरजेने राज्य टिकत नाही, हा धडा त्यातून मिळतो. राज्य टिकते ते अपराधाच्या मापाने दंड देण्याने: त्याहून कमी नाही आणि त्याहून अधिकही नाही. एका कृत्यातले सर्व अपराध उघड करावेत, प्रत्येकाचा स्वतंत्र निवाडा करावा, कोणत्याही बळीचे नाव गळू देऊ नये. पण आरोपी कोणीही असो, त्याला जन्म एकच आहे याचे भान सोडू नये. दंड देणाऱ्याचा हात असा स्थिर राहिला, तरच त्या दंडाला धर्माचे अधिष्ठान लाभते.